मऊ भाताचा प्रयोग

माझ्या प्रयोगात सगळ्यात मोठी चूक कोणाची झाली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात माझी. शेजारचे अण्णा म्हणतात बोक्याची. माझा नवरा सलिल म्हणतो, चूक कोणाचीही असो, पानं घेतली आहेत, जेवायला बसूया. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला ज्ञानाची तहान किती असणार, हा वेगळा विषय आहे, तो मी पुन्हा कधीतरी घेईन.

प्रश्न साधा होता. आमची शमू, वय अडीच, जेवत नव्हती. आणि मला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली होती. तासिका तत्त्वावर का होईना, पण नोकरी. गणपतीची सुट्टी संपली की रुजू व्हा, असं प्राचार्य म्हणाले होते. दुपारी शमूला आईंनी भरवायचं, एवढाच काय तो बेत. पण माझ्या हातून चार घास जायची मारामार, तिथे दुसऱ्याच्या हातून काय जाणार? पोर उपाशी ठेवून मी पोरांना बालमानसशास्त्र शिकवायला जायचं, हे काही माझ्या मनाला पटेना.

आमच्या जेवणाचा कार्यक्रम असा असे. मी मऊ भातात तूप-मेतकूट कालवून वाटी घेऊन शमूसमोर बसायची. एक घास काऊचा, एक चिऊचा, एक विजेच्या खांबावरच्या त्या न ओळखता येणाऱ्या पक्ष्याचा. घास तोंडात गेला तरी काम संपत नसे, कारण शमू तो गालात साठवून ठेवते. दुपारी झोपून उठल्यावर तिच्या गालातून सकाळचा घास निघालेला मी पाहिला आहे. म्हणून मी तिच्या गळ्याकडे बघत बसायची. घास खाली उतरला की तिथे एक बारीकशी हालचाल होते. ती दिसली की मला श्वास घेता यायचा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सलिलचं मत, भूक लागली की खाईल. हे मत मांडणारे लोक नेहमी ऑफिसला जायच्या घाईत असतात, असं माझं निरीक्षण आहे. समोरच्या आनंदीकाकूंनी वावडिंगाचं पाणी सांगितलं, मग सावर्ड्याच्या बहिणीला फोन लावून ओव्याचं सांगितलं, आणि शेवटी ग्रामदेवतेला परस्पर गाऱ्हाणंही घालून आल्या. नारळाचा अर्धा भाग त्यांनी आम्हाला आणून दिला. देवासमोर नातीचं नाव काय सांगितलं, असं आईंनी विचारलं तेव्हा काकू जरा घुटमळल्या. नाव आठवलं नव्हतं म्हणे, समोरच्या घरातली ती किडकिडीत, असं सांगितलंन.

आईंचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून ठाम होतं.

"दृष्ट आहे ती. डॉक्टरकडे नेऊन काय होणार?"

आता दृष्टीबद्दल माझा आक्षेप असा की तो सिद्धान्त कधी हरतच नाही. मीठ, मोहरी, मिरच्या पोरावरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या आणि ठसका लागला, तर दृष्ट निघाली. ठसका नाही लागला, तर दृष्ट जबर होती, उद्या परत काढायची. म्हणजे मिरच्यांनी काहीही केलं तरी आईंचंच खरं. ज्या गृहीतकाला खोटं ठरायची सोयच नाही ते शास्त्रीय नव्हे, हे मी एम.ए.ला पानभर लिहून आले होते. मी ते आईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग तुझ्या शास्त्रानं पोर जेवलं का?

हे वर्मी लागलं. मी म्हटलं, आई, आपण तपासूनच बघू. काही दिवस दृष्ट काढायची, काही दिवस नाही, आणि बघायचं शमू कधी जास्त जेवते.

"बघ हो," आई म्हणाल्या. "विस्तव काही कोणाच्या बाजूनं बोलत नाही."

हे बोलणं पडवीत चाललं होतं आणि आमच्या नि अण्णांच्या घरामधला दगडी गडगा कमरेएवढाच आहे. अण्णा हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्या आयुष्यात प्रयोग असा उरला नव्हता. पंपाच्या पाण्यात क्षार किती, इतकंच. ते तसेच लुंगीवर गडगा ओलांडून आले. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की दृष्ट काढली नाही हे आईंना माहीत असणार, तुला माहीत असणार, मग तुम्ही दोघी बघाल ते खरं कशावरून? ज्याला जे हवं ते त्याला दिसतं, पोरी.

खरं तर हे मीच म्हणायला हवं होतं. पदवी माझ्याकडे होती. मी म्हटलं, मी तेच म्हणणार होते. ते म्हणाले, हो का, आणि खिशातून पेन काढलं.

त्यांची योजना अशी. दृष्टीचं सामान त्यांनी आपल्या घरी पुड्यांत बांधायचं. काही पुड्यांत मिरच्या, काहींत सुकी आमसुलं. कुठल्या पुडीत काय हे फक्त त्यांना माहीत. आईंनी न बघता ओवाळायचं, निखाऱ्यांवर टाकायचं, मग मी भरवायचं आणि वाटीत किती उरलं ते बघायचं. माझ्या मते ही अत्यंत सुंदर रचना होती. पहिल्याच दिवशी आईंनी पुडी हातात घेतली, कानाजवळ नेऊन हलवली आणि म्हणाल्या, "यात मिरच्या नाहीत." अण्णांचा चेहरा पडला. मग त्यांनी असा निर्णय दिला की निदान शमूला तरी कळणार नाही, आणि शास्त्राला तेवढं पुरे आहे.

तर असं सुरू झालं. पडवीत लोखंडी पाटीत निखारे, आईंचं पुटपुटणं, इडा पिडा टळो, गडग्यापलीकडून अण्णांचं डोकं, आणि शमू माझ्याकडे बघत ओठ घट्ट मिटून पाटावर. आनंदीकाकूही यायला लागल्या. त्यांना प्रयोग कळत नव्हता, पण रोज ठरलेल्या वेळी काहीतरी घडतं एवढं त्यांना पुरत होतं.

आणि निकाल आला हो. इतका स्वच्छ निकाल, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. आमसुलांच्या दिवशी वाटी चकाचक रिकामी. मिरच्यांच्या दिवशी भात तसाच्या तसा. दृष्ट काढल्यानं उपयोग होत नाही इतकंच नव्हे, तर उलट अपाय होतो.

मी हे रात्री जेवताना जाहीर केलं. जरा जास्तच आनंदानं केलं असणार, कारण सलिलनं माझा पाय दाबला. आई ताकभात न घेताच उठल्या. सलिल लहान असताना ज्या हातानं त्यांनी त्याची दृष्ट काढली, त्या हातानं नातीला अपाय झाला, असं मी त्यांना आमसुलांच्या आधारे सिद्ध करून दाखवलं होतं. मला वाईट वाटलं. पण शास्त्रात भावनेला जागा नसते, असं मी स्वतःला समजावत भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी आमसुलांची पुडी निघाली. शमू माझ्याकडे बघत होती, मी तिच्या गळ्याकडे बघत होते, आणि माझ्या हातून चमचा खाली पडला. तो उचलायला वाकले तर पाटाच्या मागे धोंडू. धोंडू म्हणजे आमचा बोका. त्याच्या मिशांना मेतकूट लागलेलं होतं. शमूचा एक हात पाठीमागे होता आणि त्या हातात मऊ भाताचा गोळा होता. वर माझ्याकडे बघायचं, ओठ मिटायचे, आणि मी काऊ दाखवायला मान वळवली की वाटीत हात घालून मागे पोचवायचं, असा तिचा व्यवस्थित कारभार चालला होता.

मिरच्यांचा धूर झाला की धोंडू आनंदीकाकूंच्या माळ्यावर जाऊन बसायचा. आमसुलांना तो भीत नव्हता. दृष्टीचा शमूच्या जेवणावर परिणाम होत नव्हता, बोक्याच्या जेवणावर होत होता. अख्खा प्रयोग आम्ही धोंडूवर केला होता. तो त्या काळात बराच सुटलाही होता, हे मागाहून आमच्या लक्षात आलं.

अण्णा म्हणाले, हा गोंधळ घालणारा घटक, तो आधीच वगळायला हवा होता. सलिल म्हणाला, घटक काय, घरचा बोका आहे तो. मी आईंची माफी मागायला गेले. त्यांनी ती मोठ्या मनानं स्वीकारली आणि जाता जाता सांगितलं की तसाही काही फरक पडत नव्हता, कारण त्या रोज दिवेलागणीला शमूची दृष्ट काढतच होत्या.

"रोज?" मी विचारलं. "आमसुलांच्या दिवशीही?"

"ती तुझ्या प्रयोगाची, ही घरची. घरची कशी बंद ठेवायची?"

यापुढे अण्णांनी असं ठरवलं की वाटीवर विश्वास ठेवायचा नाही, वजनावर ठेवायचा. वाटी बोका रिकामी करू शकतो, वजन बोका वाढवू शकत नाही. वजनकाटा अंगणवाडीत. तिथल्या सेविका मैनाताईंनी सर्वेक्षणात शमूचं नाव केव्हाच घेतलं होतं. खाऊची पाकिटं मात्र मी तेव्हा गोड हसून नाकारली होती, आम्हाला काय गरज, अशा अर्थाचं हसून. आता मी त्यांच्याच दारात उभी.

मैनाताई म्हणाल्या, वजन करू की. फक्त उभं राहायचा काटा दुरुस्तीला गेलाय, अर्ज दिलाय, त्या अर्जाची पोच यायची आहे. तोवर झोळीचा काटा. झोळीचा काटा म्हणजे छताच्या हुकाला अडकवलेला तराजू आणि त्याला लटकणारी कापडी चड्डी. त्यात पोर बसवायचं आणि ते अधांतरी लोंबकळत रडत असताना आकडा वाचायचा. शमूनं रडायला सुरुवात केली. मला तो हुक काही बरा वाटेना. गंजलेला होता. मी तिच्या पायांखाली हात धरून उभी राहिले, नुसता, आधाराला म्हणून. मैनाताईंनी आकडा वाचला, मोबाइलवर भरला, आणि मोबाइलच्या पडद्यावर शमूचं नाव लाल झालं.

लाल म्हणजे काय, मी विचारलं. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, कमी वजनाचं. तीव्र. मी म्हटलं, पुसा ते, परत करू वजन. त्या म्हणाल्या, एकदा भरलं की पुसता येत नाही ताई, आता ते पर्यवेक्षिका बाईंना दिसलं, त्या गृहभेटीला येतील, त्यांनी बघून पटलं तरच बदलतं.

ही बातमी मी घरी यायच्या आधी घरी पोचली होती. आई पडवीत उभ्या होत्या. आंब्याच्या मोसमात या घरातून पेट्या जातात, येणारा-जाणारा जेवल्याशिवाय सुटत नाही, आणि त्या घरात सरकारी बाई उपासमार तपासायला येणार. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, अजून काही प्रयोग उरलेत का गो?

पर्यवेक्षिका बाई आल्या त्या दिवशी आमचं घर लग्नघरासारखं झालं होतं. सलिलनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आनंदीकाकू डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि तो बाईंच्या डोळ्यांसमोर येईल असा ठेवला, झाकण काढून. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून साक्षीदार म्हणून बसले. आत कोठीत त्यांनी स्वतः धोंडूला कोंडून कडी लावली होती. मैनाताई दाराशी चुळबुळत उभ्या. बाई मात्र साध्या होत्या, हसऱ्या. त्यांनी शमूचा दंड बघितला, डोळे बघितले, आणि म्हणाल्या, एकदा जेवताना बघते, मग लिहिते.

मी मऊ भात कालवला. समोर बसले. शमूनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले.

काऊ झाला, चिऊ झाला. बाईंनी कागद मांडीवर घेतला. आता त्या लिहिणार, आणि लाल ते लालच राहणार, आणि तसं पोर घरी टाकून मी कॉलेजला गेले तर मला आई कोण म्हणेल, असं सगळं एकदम माझ्या मनात आलं. मी शमूच्या गळ्याकडे टक लावली. हालचाल नाही. आई हळूच म्हणाल्या, निखारे आणू का?

आणि तेव्हा, भीतीनं माझं डोकं चालायचं बंद व्हायच्या ऐवजी चालू झालं. मिरच्यांच्या दिवशी ती जेवली नाही. आमसुलांच्या दिवशीही नाही, ते बोक्यानं खाल्लं. आज बोका नाही, तरी नाही. दृष्ट बदलली, पुडी बदलली, बोका बदलला, बघणारे बदलले. मग तो झोळीचा काटा आठवला आणि पायांखाली धरलेला माझा हात. नुसता, आधाराला. पोरीचं अर्धं वजन मीच उचलून धरलं होतं.

सगळ्या प्रयोगांत एकच घटक मी कधी वगळला नव्हता. तो घटक ओढणी सावरत, चमचा पुढे करून तिच्यासमोर बसलेला होता.

मी वाटी आईंच्या हातात दिली. "आई, तुम्ही भरवा. मी विहिरीवर जाते."

"आत्ता?" सलिल म्हणाला.

"कळशी भरून आण मग," आई म्हणाल्या. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही.

परसदारी विहिरीच्या कठड्याला टेकून मी पोफळींकडे तोंड करून उभी राहिले. घराकडे बघायचं नाही, हा माझाच नियम. निरीक्षकानं डोकावलं तर निरीक्षण संपलं. इतकं अवघड काम मी पदव्युत्तर शिक्षणात केलं नव्हतं. पडवीतून आवाज येत होते. आई बाईंना विचारत होत्या, माहेर कुठलं. बाई म्हणाल्या अंजनवेलचं. झालं, आईंच्या मावशीचं सासर अंजनवेलचं. मग कोणाची कोण, कोणाचं लग्न कोणाशी मोडलं, किल्ल्याकडच्या कोणाच्या घराची कौलं उडाली, असं सुरू झालं. आनंदीकाकूंनी त्यात सावर्डे आणलं. जेवणाचं कोणी नावच काढेना. मला वाटलं, माझी पोर तिथे उपाशी बसली आहे आणि या बायका सोयरिकी मोजतायत. एकदा मान वळलीच होती, पण मी कठडा घट्ट धरला.

मग वाटीवर चमचा वाजल्याचा आवाज आला. मग परत.

बऱ्याच वेळानं अण्णा आले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "भात खाल्लान हो पोरीनं. आपल्या हातानं. वहिनींच्या हातातून चमचा ओढून घेतलान. परत मागितलान." आणि मी तोंड उघडायच्या आत, "बोका कोठीतच आहे. कडी मी आत्ताच बघून आलो."

मला आनंद झाला, हे खरं. पण आनंदाबरोबर जे दुसरं काही झालं, त्याला मानसशास्त्रात शब्द असेल, मला तो आठवेना. मी विहिरीवरची कळशी भरायला घेतली. ती आधीच भरलेली होती.

एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून आम्ही पुढेही तपासलं. मी समोर असले की ओठ बंद. मी नसले की पोर जेवते, अगदी कुळथाच्या पिठल्यासकट. अंगणवाडीत परत वजन झालं. मैनाताईंनी मला नम्रपणे दाराबाहेर उभं केलं आणि दार लोटून घेतलं. शमूचं नाव हिरवं झालं.

मग मी आईंना रीतसर निष्कर्ष सांगायला बसले. म्हटलं, आई, दृष्ट नव्हती. मी सारखी टक लावून बघायची, त्याचं तिच्यावर दडपण यायचं, म्हणून ती जेवत नव्हती.

आई फरसबी मोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मग मी वेगळं काय सांगत होते?"

मी एक शेंग उचलून मोडायला घेतली.

"आईची लागते तीच सगळ्यात जबर. पोर जेवताना आईनं टक लावून बघू नये म्हणतात ते उगाच नाही. कोणाची लागली ते मी बोलले नाही कधी. तुला वाईट वाटलं असतं."

गडग्यापलीकडून अण्णा म्हणाले, म्हणजे गृहीतक वहिनींचंच टिकलं म्हणायचं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

रुजू व्हायच्या दिवशी मी साडी नेसून तयार झाले तर पडवीत निखारे. शमू एका बाजूला धोंडूची शेपटी धरून बसली होती. आईंनी पाट मांडला आणि म्हणाल्या, बस. मी म्हटलं, माझी कशाला? त्या म्हणाल्या, लागते तुझी, तर मुळाशीच गेलेलं बरं. रिक्षावाला फाटकाशी हॉर्न वाजवत होता. मी बसले. इडा पिडा टळो झालं, मिरच्या विस्तवावर पडल्या, आणि असा ठसका उठला की धोंडू कुंपणापार गेला.

फाटकाशी पोचल्यावर मी वळून बघितलं. खिडकीत शमू दिसत होती, हातात चमचा. आईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खिडकीचं दार लावून घेतलं.

मी रिक्षात बसले. खोकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं तेव्हा मी त्याला सांगितलं की मिरच्यांचा धूर गेला डोळ्यांत. मारुती मंदिराचा चौक गेला, कॉलेजचं फाटक आलं, तरी पाणी थांबेना. आमच्या घरापासून कॉलेज इतकं लांब आहे, की मिरच्यांचा धूर तिथवर पोचायला काही शास्त्रीय कारण नव्हतं.